फोर्ट पायी बघायचा तर

मुंबईच्या फोर्टमध्ये रोज लाखो माणसं चालतात, पण नजर समोरच्या गर्दीवर आणि खालच्या फुटपाथवर. बघण्यासारखं बहुतेक सगळं पहिल्या मजल्याच्या वर आहे. शिवाय इमारती सुट्या सुट्या बघितल्या की नुसती नावं आणि सनावळ्या हातात राहतात. त्या एका क्रमाने बघितल्या तर शहर कसं वाढलं ते चालता चालता कळतं. तो क्रम पूर्वेकडून पश्चिमेकडचा आहे: आधी जुन्या तटबंदीच्या आतलं गाव, मग तटबंदी पाडल्यावर मोकळ्या जागेत उभ्या राहिलेल्या गॉथिक, म्हणजे टोकदार कमानी आणि उंच मनोऱ्यांच्या, इमारती आणि शेवटी समुद्र हटवून केलेल्या जमिनीवरची आर्ट डेको, म्हणजे १९३० च्या सुमाराच्या गोलाईदार नव्या शैलीतली, घरं. खालचा मार्ग याच क्रमाने आखला आहे. सीएसएमटीपासून चर्चगेटपर्यंत साडेतीन ते चार किलोमीटर होतात. थांबत, बघत गेलं तर साडेतीन तास लागतात. दोन तासांत उरकायचं असेल तर काळा घोड्याचा भाग सोडा. पेरीन नरिमन स्ट्रीट सोडू नका.

निघण्याआधी

वेळ उन्हाप्रमाणे ठरवा. सीएसएमटी, टाउन हॉल, हायकोर्ट आणि विद्यापीठ या चारही इमारतींचं मुख्य तोंड पश्चिमेला आहे. सकाळी गेलात तर या दर्शनी भिंती सावलीत, सूर्य त्यांच्या मागे आणि फोटोत नुसत्या काळ्या आकृत्या. म्हणून दुपारी निघायचं. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत दोन वाजता सुरुवात करा, मार्चनंतर तीन वाजता चालेल. डिसेंबरात सहाच्या आसपास सूर्य मावळतो आणि शेवटच्या टप्प्यातल्या ओव्हल मैदानावर त्याआधी निदान अर्धा तास मिळायला हवा. ओव्हलच्या पश्चिमेची आर्ट डेको घरं मात्र पूर्वाभिमुख आहेत. त्यांच्यावर सकाळी ऊन येतं. संध्याकाळी ती एकसारख्या सावलीत असतात. जाळ्या आणि छज्जे बघायला तेही वाईट नाही, पण रंग बघायचे असतील तर त्या रांगेसाठी वेगळी सकाळ काढा.

वार कोणता? रस्त्यावरचं जगणं बघायचं तर मंगळवार ते शुक्रवार. बँका, कोर्ट, कचेऱ्या चालू असतात तेव्हाच फोर्ट हा फोर्ट असतो. रविवारी रस्ते रिकामे, इमारतींचे फोटो उत्तम येतात, पण गल्ल्यांमधली शटरं खाली. पहिल्यांदा जाणाऱ्याने कामाच्या दिवशीच जावं.

सोबत एक लिटर पाणी, जाड तळव्याचे बूट, टोपी आणि ओळखपत्र. आणखी एक वस्तू बहुतेक लोक विसरतात, ती म्हणजे छोटी दुर्बीण. आठपट मोठं दाखवणारी पुरे. गॉथिक इमारतींवरचं उत्तम कोरीवकाम तीसचाळीस फुटांच्या वर आहे आणि मोबाइलच्या झूममध्ये त्याचा चिखल होतो. पाठीवर मोठी बॅग नको, तपासणीच्या जागी अडते. स्वच्छतागृहाची सोय सुरुवातीला सीएसएमटी स्थानकात आणि शेवटी चर्चगेट स्थानकात. मधल्या पट्ट्यात भरवसा धरू नका.

गट असेल तर दहाबारा माणसांपेक्षा मोठा नको. फुटपाथ अरुंद आहेत. पंधरा जण थांबले की रस्ता अडतो, मागच्यांना ऐकू जात नाही आणि माहिती सांगणारा ओरडायला लागतो.

कुठे उभं राहायचं

इमारतीची जेवढी उंची तेवढं तरी अंतर मागे सरकून उभं राहा. राजाबाई टॉवर ८५ मीटर उंच आहे, म्हणजे त्याच्या पायथ्याशी काहीच दिसणार नाही, ओव्हलच्या मध्यावरून दिसेल. दादाभाई नौरोजी रोडवर तर हटकून फसगत होते. तिथल्या इमारतींच्या तळमजल्याला पादचाऱ्यांसाठी कमानींची सलग ओसरी आहे. ऊन-पावसात तिच्यातून चालणं सुखाचं, पण डोक्यावर छत असल्याने ज्या इमारतीखालून चालतोय ती दिसतच नाही. बघायची असेल ती बाजू सोडून समोरच्या फुटपाथवरून चाला.

मग दगड ओळखा. एकदा डोळ्याला सवय झाली की इमारतीवरची पाटी वाचायच्या आधीच बरंच कळतं. काळा-निळसर, खडबडीत ठेवलेला दगड म्हणजे आपला बेसॉल्ट. तो टणक आहे, ओझं पेलतो, पण नाजूक कोरीवकामाला दाद देत नाही. पिवळसर, गव्हाळ दगड कुर्ला आणि मालाडच्या खाणींमधला. दुधाळ, गुळगुळीत आणि बारीक नक्षीचा भाग बहुधा पोरबंदरचा चुनखडक, कारण तो मऊ असल्याने छिन्नीखाली पाहिजे तसा वळतो. म्हणूनच एकाच भिंतीत अंग काळ्या दगडाचं आणि कमानीची किनार, खांबांचे माथे पांढऱ्या दगडाचे असं दिसतं. झिजही तशीच होते. खारी हवा आणि धूर यांनी चुनखडक आधी झिजतो. पानं-फुलं बोथट झालेली दिसतील, त्याच भिंतीतला बेसॉल्ट मात्र कालच बसवल्यासारखा.

सीएसएमटी आणि आसपास

फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने आराखडा केलेल्या या इमारतीचं काम १८७८ मध्ये सुरू झालं आणि १८८८ मध्ये पुरं झालं. २००४ पासून ती जागतिक वारसा यादीत आहे. आधी समोर, महापालिकेच्या बाजूच्या कोपऱ्यावर जा. रस्ता वरून ओलांडायचा प्रयत्न करू नका, भुयारी मार्ग वापरा. तिथून दुर्बिणीने तीन गोष्टी शोधा. घुमटावर हातात मशाल घेतलेली स्त्री, म्हणजे प्रगतीचं प्रतीक. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह आणि दुसरीकडे वाघ, म्हणजे ब्रिटन आणि हिंदुस्थान. आणि भिंतीतून बाहेर झेपावलेले प्राणी. ते नुसते शोभेचे नाहीत, त्यांतल्या कित्येकांच्या तोंडातून छपरावरचं पावसाचं पाणी भिंतीपासून लांब फेकलं जावं अशी योजना असते. मुंबईच्या पावसात ही गरजच होती. मोर, माकड, पानाफुलांचं कोरीवकाम मुख्यतः इथल्याच कला विद्यालयातल्या, म्हणजे जे. जे.मधल्या हातांचं आहे. इंग्लंडहून आलेल्या शैलीत इथली झाडं आणि प्राणी कुठे कुठे घुसले आहेत ते शोधण्यात वीस मिनिटं सहज जातात. ती द्या.

मग लोकलच्या तिकीटघरात शिरा. त्याला स्टार चेंबर म्हणतात. निळ्या छतावर सोनेरी तारे आहेत. रांगेतल्या लोकांना अडथळा होऊ नये म्हणून भिंतीला टेकून उभं राहा आणि वर बघा.

पाठ फिरवली की महापालिका मुख्यालय. हेही स्टीव्हन्सचंच, १८९३ चं. स्थानक आणि महापालिका एकाच माणसाने एकमेकांसमोर उभी केली आहेत. दोन्हींची तुलना करताना घुमट बघा. महापालिकेवरचे कांद्यासारखे घुमट इस्लामी धाटणीचे आहेत. म्हणजे पाच-सहा वर्षांत गॉथिकमध्ये इथल्या वास्तुकलेचा वाटा वाढत गेला. स्थानकाच्या शेजारचं जनरल पोस्ट ऑफिस, १९१३ मध्ये पुरं झालेलं, त्याच्याही पुढे जातं. जॉन बेगने त्याचा घुमट विजापूरच्या गोलघुमटावरून घेतला. काळा बेसॉल्ट, कुर्ल्याचा पिवळसर दगड आणि ध्रांगध्राचा पांढरा, असे तिन्ही रंग तिथे एकत्र बघायला मिळतात. आत जाऊन मधल्या दालनात उभं राहा, तिथे तिकिटं आणि पार्सलांचं काम अजून चालतं.

ज्यांना तटबंदीचा खराखुरा दगड बघायचा आहे त्यांनी सेंट जॉर्जेस हॉस्पिटलच्या आवारातला फोर्ट जॉर्जचा उरलेला तुकडा बघावा. जाऊन-येऊन अर्धा तास जातो. पहिल्या खेपेला तो टाळला तरी चालेल.

तटाच्या आतलं गाव

आता दक्षिणेकडे, बोरा बाजार आणि पेरीन नरिमन स्ट्रीटमधून. हा पट्टा मार्गदर्शक पुस्तकं दोन ओळींत संपवतात, पण जुनं शहर आहे ते इथे. हा तटाच्या बझार गेट या दरवाजाच्या आतला भाग, व्यापाऱ्यांची वस्ती. १८०३ च्या मोठ्या आगीत कोटाच्या आतल्या वस्तीचा मोठा भाग जळाला आणि बरेच लोक कोटाबाहेर गेले. त्यानंतर बाहेरची बाजारवस्ती वाढली. इथल्या घरांचे पुढे आलेले लाकडी सज्जे, त्यांना खालून आधार देणारे कोरीव लाकडी घोडे आणि तळमजल्यावरची दुकानं बघा. पत्र्याने आणि पाट्यांनी बरंच झाकलंय, म्हणून दुसऱ्या मजल्यापासून वर बघत जा.

इथे चालायची रीत अशी: डाव्या कडेने, एका रांगेत, आणि हातगाडीला नेहमी आधी वाट द्यायची. ओझं घेतलेल्या माणसाला थांबणं-निघणं जड जातं. दुपारी माल चढवण्या-उतरवण्याची वेळ असते, दुकानाच्या दारात उभं राहू नका. माणसांचे फोटो विचारून काढा. कागद, छपाई, स्टेशनरीच्या दुकानांत काम चालू असतं. दोन शब्द बोललात तर कुणीतरी स्वतःहून वरचा जिना दाखवतं. न विचारता जिन्यात शिरलात तर ओरडा मिळतो, आणि तो योग्यच असतो, कारण वर लोक राहतात.

पेरीन नरिमन स्ट्रीटवरच माणेकजी सेठ अग्यारी, म्हणजे पारशांचं अग्निमंदिर, आहे, १७३३ ची. पंख असलेले मानवमुखी बैल दाराशी पहारा देतात. पारशी नसलेल्यांना आत प्रवेश नाही. बाहेरून बघा, उंबऱ्यावर पाय ठेवू नका, आत कॅमेरा रोखू नका.

हॉर्निमन सर्कल

अरुंद गल्लीतून एकदम गोल बागेवर आल्यावर जो मोकळेपणा जाणवतो तो मुद्दाम घडवलेला आहे. इथे पूर्वी बॉम्बे ग्रीन हे मोकळं मैदान होतं. १८६० च्या दशकात त्याभोवती एकसारख्या कमानींच्या इमारतींचं अर्धवर्तुळ आखलं आणि १८७२ च्या सुमारास काम पुरं झालं. तेव्हा नाव एल्फिन्स्टन सर्कल होतं. स्वातंत्र्यानंतर ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक बेंजामिन हॉर्निमन यांचं नाव दिलं. ओसरीतून पूर्ण फेरी मारा आणि प्रत्येक कमानीच्या माथ्यावरचा दगड बघा, कितीतरी ठिकाणी चेहरे कोरलेले आहेत.

पूर्वेला टाउन हॉल. यातच एशियाटिक सोसायटी आहे, जिची सुरुवात १८०४ मध्ये झाली. इमारत कर्नल थॉमस काउपरची, १८३३ ची. तीस पायऱ्या आणि वर ग्रीक डोरिक खांब. गॉथिकच्या आधीची, म्हणजे तटबंदी शाबूत असतानाची ही मुंबई. चारच्या सुमारास खांबांवर तिरपं ऊन पडतं तेव्हा त्यांच्या उभ्या खाचा उठून दिसतात. पायऱ्यांवर बसायला हरकत नाही, पण मधोमध नको, वाचक ये-जा करतात. आणि एक लक्षात ठेवा: या इमारतीच्या मागे नौदलाचा आयएनएस आंग्रे तळ आहे. त्या बाजूला कॅमेरा वळवू नका. पहारेकरी फोन तपासतात, त्यात अर्धा तास जातो.

सर्कलच्या पश्चिमेला सेंट थॉमस कॅथीड्रल. गव्हर्नर गेराल्ड ऑन्जियरच्या काळात १६७६ मध्ये पाया घातला गेला, काम अनेक वर्षं अर्धवट राहिलं आणि १७१८ मध्ये चर्च उघडलं. आत शांतपणे भिंतीवरच्या संगमरवरी पाट्यांवरची वयं वाचा. विशी-तिशीत गेलेले अधिकारी, लहान मुलं, बाळंतपणात गेलेल्या बायका. ताप, जुलाब आणि समुद्राने त्या काळात काय केलं ते इथे कळतं. प्रार्थना चालू असेल तर बाहेर थांबा.

जिथे दरवाजा होता

वीर नरिमन रोडने पश्चिमेला पाच-सात मिनिटं चालल्यावर हुतात्मा चौक येतो. कोटाचा चर्च गेट इथे होता. त्याचं नाव घेतलेलं रेल्वे स्थानक अर्धा किलोमीटरहून जास्त पुढे आहे, त्यामुळे नकाशाशिवाय चालणारे गोंधळतात. गव्हर्नर बार्टल फ्रियरच्या काळात, १८६० च्या दशकात, तट पाडले. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे (१८६१ ते १८६५) मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, शहरात पैसा खेळत होता. युद्ध संपलं, भाव कोसळले, १८६५ मध्ये कित्येक व्यापारी आणि बँका बुडाल्या. पण आराखडे तयार होते आणि जागा मोकळी झाली होती.

फ्लोरा फाउंटन १८६४ चं. रिचर्ड नॉर्मन शॉचा आराखडा, जेम्स फोर्सिथचं कोरीवकाम, दगड इंग्लंडमधला पोर्टलंडचा. शेजारी मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार आहेत, संयुक्त महाराष्ट्रासाठी पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडलेल्यांचं स्मारक. कारंजाचा फोटो काढून लोक निघून जातात. तसं करू नका. हे राज्य ज्यांच्यामुळे झालं त्यांच्यासमोर दोन मिनिटं थांबायलाच हवं.

आसपासच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांचे विक्रेते असतात. पुस्तक हातात घेऊन बघा, पण ढिगाच्या खालचं ओढू नका, वरून एकेक उचला. कोर्टाच्या बाजूला काळे कोट, फायलींचे गठ्ठे, नोटरी आणि टायपिंगवाले. पाचनंतर इथली गर्दी दोन दिशांना फुटते, एक सीएसएमटीकडे आणि एक चर्चगेटकडे. तिच्या विरुद्ध चालायची वेळ येऊ नये म्हणून साडेचारपर्यंत चौकातून निघा. दमला असाल तर भुयारी मेट्रोचं हुतात्मा चौक स्थानक इथेच आहे, इथून परतता येतं.

काळा घोडा

महात्मा गांधी रोडने दक्षिणेला. एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे पूर्वीचं वॉटसन हॉटेल, बिडाच्या सांगाड्याची इमारत आहे. भाग इंग्लंडमध्ये ओतून जहाजाने आणले आणि १८६० च्या दशकात इथे जोडले. ७ जुलै १८९६ रोजी ल्यूमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा खेळ इथे झाला, हिंदुस्थानातला पहिला. २०१९ मध्ये ती रिकामी करण्यात आली. अवस्था वाईट आहे, म्हणून समोरच्या बाजूनेच बघा, खाली उभं राहू नका. हिची आबाळ बघून वाईट वाटतं.

त्याच रांगेत डेव्हिड ससून लायब्ररी आणि एल्फिन्स्टन कॉलेज. गल्लीतलं निळं सिनेगॉग, केनेसेथ एलियाहू, १८८४ चं. ओळखपत्र दाखवावं लागतं. ज्या पुतळ्यामुळे या जागेला नाव पडलं तो सातव्या एडवर्डचा पुतळा १९६५ मध्ये हलवला आणि तो आता राणीच्या बागेत आहे. इथे दिसतो तो २०१७ चा घोडा, त्यावर स्वार नाही. पुढचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आत जाऊन बघायला वेगळा दिवस लागतो. बाहेरून जॉर्ज विटेटचा घुमट बघा आणि मादाम कामा रोडने पश्चिमेला वळा.

ओव्हल

मैदानाच्या दक्षिण टोकाला पोचलात की घाई सोडा. इथे उभं राहिल्यावर दोन शतकं समोरासमोर दिसतात. या दोन्ही रांगांना मिळून २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

पूर्वेची रांग: जुनं सचिवालय, विद्यापीठ, राजाबाई टॉवर, हायकोर्ट. सगळ्या १८७० च्या दशकात पुऱ्या झालेल्या. या इमारती उभ्या राहिल्या तेव्हा समोर समुद्र होता, म्हणून तोंडं तिकडे आणि खोल व्हरांडे वारा घ्यायला. विद्यापीठाचा आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटने लंडनमध्ये बसून केला, तो मुंबईला कधी आलाच नाही. टॉवरला प्रेमचंद रायचंद यांनी दोन लाख रुपये दिले आणि आईचं नाव द्यायला सांगितलं. दुर्बिणीने टॉवरच्या वरच्या भागातले पुतळे बघा, पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या समाजांची माणसं आपापल्या पागोट्या-पोशाखांत आहेत. हायकोर्टाच्या माथ्यावर न्याय आणि दया. आवारात शिरायचा हट्ट धरू नका. या इमारती मैदानातूनच पुऱ्या दिसतात.

मैदान मधल्या पायवाटेनेच ओलांडा. संध्याकाळी एकाच वेळी अनेक सामने चालू असतात आणि कुठल्या सामन्याचा चेंडू कुठून येईल सांगता येत नाही. फोटोसाठी डोळा कॅमेऱ्याला लावलेला असताना पाठ खेळपट्टीकडे नको.

पश्चिमेला, महर्षी कर्वे रोडवर, १९३० च्या दशकातली घरं. बॅक बे या उपसागरात भराव टाकून केलेली जमीन आणि सिमेंट काँक्रीट, या दोन गोष्टींनी ती शक्य झाली. एकसारखी उंची, गोल वळलेले सज्जे, खिडकीवर भुवईसारखे छज्जे. छज्जा पाऊस आणि दुपारचं ऊन दोन्ही अडवतो. फाटकं आणि जिन्याच्या जाळ्यांमध्ये उगवता सूर्य, लाटा, जहाजाच्या कठड्यासारख्या दांड्या शोधा. इमारतीच्या नावाची अक्षरंही बघा, प्रत्येकीचं वळण वेगळं. ही राहती घरं आहेत, फाटकाबाहेरूनच बघायचं. कुठे जुनी लाकडी खिडकी काढून अ‍ॅल्युमिनियमची सरकती बसवली आहे ते लगेच कळतं, कारण ओळीतली एकच आडवी रेघ तुटलेली असते.

उत्तर टोकाला १९३८ चं इरॉस चित्रपटगृह. त्याच्या पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत गेलेल्या गोल मनोऱ्यासाठी रस्त्यापलीकडे स्थानकाच्या बाजूला उभं राहा. वेळ असेल तर वीर नरिमन रोडने थोडं मागे, क्रॉस मैदानाच्या कोपऱ्यावर, १७२५ ची भीखा बेहराम विहीर. इथेही पारशी नसलेल्यांनी बाहेरूनच बघायचं.

परतताना साडेसहा-सातला चर्चगेटला गर्दी असेल, पण गाड्या इथूनच सुटतात. फास्टमागे न धावता एक स्लो सोडून पुढच्या स्लोला आधीपासून फलाटावर उभं राहिलात तर बसायला मिळण्याची शक्यता बरीच.